आपल्या आवारातील गाजर गवत

(संस्थेच्या महोत्सवी वर्षात माधवनगर, उज्जैन येथे सभासद व त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी गवतावर बोलावयास उभे राहणे म्हणजे लग्नाच्या मांडवात उकिरड्याचा विषय काढणे होय, असे कोणास वाटल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाही. परंतु धर्मादाय संस्थेचे काम केवळ देणग्या गोळा करून त्या वाटण्याने पुरे होत नाही. ज्या गोष्टीला कोणी धनी नाही आणि जिचा उपद्रव मात्र सर्वांना आहे, अशा गोष्टीकडे लक्ष देणे हेही तिचेच काम आहे. गाजर गवत ही अशीच एक गोष्ट आहे. ते आपल्या अंगणात उगवते, शेजारच्या मोकळ्या जागेत उगवते, नाल्याच्या काठी आणि रस्त्याच्या कडेला उगवते. आणि प्रत्येकजण ते दुसऱ्याचे आहे असे समजून पुढे जातो.

आपले माधवनगर, ज्याला उभे शहर फ्रीगंज म्हणून ओळखते, हे शिंदे सरकारच्या काळात आखून वसवलेले. रस्ते सरळ, घरांभोवती आवार, मागे विहीर किंवा बाग, ही त्याची पहिली रीत. आज त्या आवारांपैकी पुष्कळांवर इमारती उठल्या आहेत, आणि ज्यांवर उठल्या नाहीत त्यांचे धनी पुण्यास, इंदुरास किंवा साता समुद्रांपलीकडे आहेत. कुलूप गंजले आहे, भिंत खचली आहे आणि आत श्रावणात कमरेएवढे हिरवेगार रान माजले आहे. दुरून पाहणाऱ्यास ते शोभिवंतही वाटते. हिरव्या पानांवर पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला दिसतो. हा सडा काय आहे, ते प्रथम नीट ओळखले पाहिजे.

हे गवत आले कोठून?

याला आपण गवत म्हणतो, पण ते गवत नव्हे. ते सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्या कुळातले झाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते १७५३ साली दिले. त्याची मायभूमी मेक्सिको, वेस्ट इंडीज बेटे आणि आसपासचा उष्ण अमेरिकी मुलूख. मराठीत त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. आपल्या माळव्यातील हिंदी बांधव गाजर घास म्हणतात, आणि कोठे कोठे चटक चांदनी असे गोड नावही त्यास मिळाले आहे. गाजर म्हणण्याचे कारण त्याची पाने. काँग्रेस म्हणण्याचे कारण, बहुतेकांच्या सांगण्याप्रमाणे, गांधी टोपीसारखी पांढरी शुभ्र फुले.

हिंदुस्थानात त्याचा बोभाटा झाला तो पुण्यापासून, म्हणजे महाराष्ट्राच्या विद्यानगरीपासून, ही आपण मराठी मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९५१ च्या सुमारास पुण्यातील कचऱ्याच्या ढिगांवर ही तुरळक झाडे दिसली, असे सांगताना प्राध्यापक परांजपे यांचे नाव घेतले जाते. पुढे १९५६ साली आर. एस. राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची रीतसर नोंद छापली. हे गवत अमेरिकेतून आलेल्या पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर आले, ही गोष्ट आपल्या सर्वांच्या कानावर आहे. तारखा पाहिल्या तर मात्र ती तितकीशी जुळत नाही. तो करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यातील झाडे त्याच्या आधीची. परदेशी धान्य त्यापूर्वीही येत होते, तेव्हा धान्याबरोबर बी आले असण्याचा संभव आहेच. आणि या झाडाचे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही आढळते. तात्पर्य, ते कोणाच्या गोणीतून आले हा वाद संपणारा नाही. ते वाढले कोणाच्या दुर्लक्षाने, हे मात्र स्पष्ट आहे.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे, असेही नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले इंग्लंडात आहेत, त्यांनी जपानी नॉटवीड हे नाव ऐकले असेल. हे झाड झीबोल्ट नावाच्या जर्मन वैद्याने जपानातून हॉलंडात आणले. १८४७ साली तेथील उद्यानविद्या मंडळाने त्यास सुवर्णपदक दिले, आणि १८५० साली त्याची रोपे लंडनच्या क्यू उद्यानात गेली. बागेची शोभा म्हणून घरोघर लावलेले ते झाड पुढे इतके माजले की १९८१ च्या कायद्याने ते मोकळ्या रानात लावणे किंवा वाढवणे हा गुन्हा ठरला. आज तेथे घर विकताना, या जागेत नॉटवीड आहे काय, या प्रश्नाचे लेखी उत्तर मालकास द्यावे लागते. नॉटवीड मुळाच्या तुकड्यापासून वाढते आणि आपले गाजर गवत बियांपासून, तेव्हा दोहोंचे उपाय एक नव्हेत. परंतु एक शिकवण दोन्हीकडे सारखी आहे. संशय आला की प्रथम ओळख पटवावी, मग हात लावावा, आणि हात लावला की काम तडीस न्यावे. अर्धवट उपाय हा उपाय न करण्याहून वाईट.

ओळख कशी पटवावी?

पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की जमिनीला चिकटून पानांचे एक चक्र दिसू लागते. पाने फिकट, करड्या झाकेची हिरवी, बारीक लव असलेली, आणि गाजराच्या पानासारखी खोल कातरलेली. हीच ओळखण्याची आणि उपटण्याची उत्तम वेळ. पुढे मधून दांडा वर चढतो. त्यावर उभ्या रेषा असतात आणि बोटास खरखरीत लव लागते. झाड कमरेएवढे, चांगल्या जमिनीत डोक्याएवढेही होते, आणि वर पुष्कळ फांद्या फुटतात. फांद्यांच्या टोकांस लहान, मुगाच्या दाण्याएवढी पांढरी फुले झुपक्यांनी येतात. भिंगातून पाहिले तर फुलाला पाच कोपरे दिसतात. त्या प्रत्येक कोपऱ्यापाशी एक बी धरते.

आता ज्यांच्याशी घोटाळा होतो अशी झाडे सांगतो, म्हणजे उत्साहाच्या भरात निरपराध्यास शिक्षा होणार नाही. खऱ्या गाजराचे पान चुरगळले तर गाजराचा वास येतो, आणि त्याचे फूल छत्रीसारखे पसरट असते. दवण्याचे पान बारीक चिरलेले असले तरी त्याचा सुगंध कोणास सांगावा लागत नाही. झेंडूच्या रोपाचे पान सुट्या पानोळ्यांचे असते आणि त्यास उग्र वास येतो. मात्र हा चुरगळून वास घेण्याचा प्रयोग शेताच्या किंवा वाफ्याच्या ओळखीच्या रोपावरच करावा. संशयित झाडावर उघड्या हाताने करू नये. एकदांडीस लांब देठावर एकच फूल येते आणि त्याचा मधला भाग पिवळा असतो. माका ओलाव्याच्या जागी वाढतो. त्याची फुले पांढरी खरी, पण पाने लांबट व अखंड. आपल्या आज्या केसांच्या तेलासाठी माका परसातूनच खुडत असत. तो गाजर गवताबरोबर उपटून फेकला, तर ते नुकसान आपलेच. संशय राहिल्यास झाडाचा फोटो काढून कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांस दाखवावा. ओळखीचे काम फुकट होते. चुकीच्या उपटणीचा खर्च मात्र होतो.

धोका कोणास?

या झाडाच्या अंगावरील लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा स्पर्श वरचेवर झाला की काही माणसांच्या कातडीस ते सोसेनासे होते. पापण्या, मान, कोपराची आणि गुडघ्याची लवण येथे खाज सुटते. कातडी लाल होते, जाड होते, चिरते. झाड वाळले तरी त्याचा भुगा वाऱ्याने उडतो, त्यामुळे झाडास हात न लावणाऱ्यासही हा त्रास होऊ शकतो. परागाने शिंका, नाक वाहणे आणि दमा बळावणे हे प्रकार निराळे. लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी १९७४ साली हिंदुस्थानातील अशा त्वचारोग्यांविषयी लेख प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून हा रोग वैद्यकाच्या पुस्तकात कायमचा जाऊन बसला. एकदा शरीराने असे वैर धरले की ते बहुधा जन्मभर राहते. इतकेच नव्हे, तर अशा माणसास त्याच कुळातील शेवंतीचे फूलही कधी कधी बाधते. देवाच्या हाराची शेवंती हातात धरवत नाही, ही अवस्था लहान नव्हे.

गुरे हे झाड सहसा टाळतात. पण दुसरा चारा नसला आणि त्यांनी ते खाल्ले तर तोंडास व कातडीस इजा होते, दुधास कडवटपणा येतो. शिवाय हे झाड आपल्या मुळांतून आणि गळलेल्या पानांतून अशी द्रव्ये जमिनीत सोडते की भोवतालच्या दुसऱ्या रोपांची उगवण मंदावते. म्हणून ते जेथे बसते तेथे एकटेच बसते. मैदानातील दूर्वा, परसातील भुईआवळी आणि पुनर्नवा ही सारी मागे हटतात.

आता आम्ही अशा मुद्द्याकडे येतो की ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला. हे गवत आपल्या आवारात माजते, पण ते उपटतो कोण? आपण स्वतः बहुधा उपटत नाही. आपण चौकातून एखादी मजूर बाई किंवा माळीबुवा बोलावतो, रोज ठरवतो आणि मागच्या दाराकडे बोट दाखवतो. ती बाई उघड्या हातांनी, तान्हे मूल झाडाच्या सावलीत निजवून, दुपारपर्यंत सारे उपटते. त्याच हातांनी घाम पुसते, त्याच हातांनी भाकरी खाते आणि मूल कडेवर घेते. आपले आवार स्वच्छ होते. तिच्या हातांचे पुढे काय झाले, याची चौकशी करण्यास आपण जात नाही, कारण तिचे नावही आपणांस ठाऊक नसते. खाज सुटू लागली की तिचा रोज बुडतो. आणि ज्या कामावर पोट आहे ते कामच शत्रू होते. शेतमजूर, माळी, रस्ते झाडणारे आणि गवत कापणारे यांनाच हा रोग अधिक गाठतो, तो याचमुळे. दानधर्म करणाऱ्या संस्थेच्या सभासदांनी दुसऱ्याच्या आजाराच्या किमतीवर आपले अंगण साफ करून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उपटण्याची रीत

रीत अवघड नाही. तिचे चार नियम आहेत: योग्य वेळ, झाकलेले अंग, मुळासकट उपटणी आणि उपटलेल्याची विल्हेवाट.

वेळ म्हणजे फुले येण्यापूर्वीची. बी रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येते, आणि एका जोमदार झाडास दहा ते पंचवीस हजार बिया धरतात. बी इतके हलके असते की वाहते पाणी, वारा, चपलेचा तळ, मोटारीचे चाक आणि गुरांचे खूर यांबरोबर ते सहज प्रवास करते. त्यास रुजण्यासाठी विशिष्ट ऋतूची वाट पाहावी लागत नाही. ओल मिळाली की ते उगवते. म्हणून नळाच्या सांडपाण्यापाशी ते उन्हाळ्यातही हिरवे असते. माळव्यात जूनच्या अखेरीस पाऊस जमला की जुलैच्या मध्यास पहिली उपटणी करावी, ऑगस्टात दुसरी आणि दसऱ्याच्या सुमारास तिसरी. आपली काळी माती पावसानंतर मऊ असते, तेव्हा रोप मुळासकट सहज निघते. हीच माती कार्तिकात दगड होते. मग ओढणाऱ्याच्या हाती केवळ शेंडा येतो आणि बुंध्यातून पुन्हा फुटवा निघतो. विळ्याने वरच्या वर कापणे किंवा यंत्राने भादरणे याचाही परिणाम तोच. कापलेले झाड खालून फांद्या काढते आणि वीतभर उंचीवरच फुलते.

अंग झाकणे म्हणजे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत बूट, नाकातोंडावर फडके. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातांस बांधल्या तरी भागते. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांच्या अंगावर पूर्वी अशी खाज उठली आहे, त्यांनी या कामास येऊच नये. मुलांकडूनही हे काम करवू नये. काही शाळांतून श्रमदान म्हणून लहान हातांस हे गवत उपटावयास लावतात, ते योग्य नव्हे. काम झाल्यावर हात आणि चेहरा साबणाने धुवावा आणि कपडे वेगळे भिजवावेत. अंगास खाज उठल्यास घरगुती लेप लावीत न बसता त्वचेच्या डॉक्टरांस दाखवावे. मजूर लावले असतील तर हातमोजे व साबण देणे हे मालकाचे काम. ते रोजातून कापू नये.

मुळासकट उपटणी म्हणजे बुंध्याशी धरून सरळ वर ओढणे. अडल्यास खुरप्याने भोवतालची माती सैल करावी. रोप झटकून मुळांची माती तेथेच पाडावी, पण फुले आली असतील तर मुळीच झटकू नये.

विल्हेवाटीची गोष्ट लोक विसरतात, आणि तेथेच सारी मेहनत वाया जाते. फुले येण्यापूर्वीचे झाड उत्तम खत होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेप काका म्हणून ओळखतात, त्यांनी घडवलेली विटांची जाळीदार टाकी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा टाकीत पाला, शेणकाला आणि माती यांचे थर द्यावे, वरून लिंपावे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ज्या गवताने जागा बिघडवली, त्याच गवताने बाग पोसावी, यासारखी परतफेड नाही. फुले व बी धरलेले झाड मात्र घरगुती खतात घालू नये. ढीग आतपर्यंत पुरेसा तापला नाही तर बी जिवंत राहते आणि खताबरोबर प्रत्येक कुंडीत जाते. अशा झाडांचे शेंडे प्रथम हळूच कापून जाड पोत्यात भरावे, तोंड बांधावे आणि ते नगर निगमच्या गाडीवर, आत काय आहे हे सांगून, द्यावे. जाळण्याचा मोह टाळावा. त्या धुराने दम्याच्या माणसास त्रास होतो, आणि उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१६ साली देशभर मनाई केली आहे. उपटलेला भारा भिंतीवरून शेजारच्या मोकळ्या जागेत टाकणे हा तर सर्वांत सोपा उपाय, आणि म्हणूनच सर्वांत वाईट. दोन पावसांत तो भारा हजार रोपे होऊन त्याच भिंतीवरून परत येतो.

मीठ, औषध आणि भुंगेरे

पुष्कळजण विचारतात, मिठाचे पाणी मारले तर? शंभर भाग पाण्यात पंधरा-वीस भाग मीठ असे दाट द्रावण मारल्यास झाड जळते, हे खरे. परंतु तीच माती पुढे दुसरे काही उगवू देत नाही, आणि विहीर जवळ असेल तर मीठ तिच्यातही उतरते. फरशीच्या फटी आणि रस्त्याची कडा यांखेरीज अन्यत्र हा प्रयोग करू नये. तणनाशके हे विष आहे. ते कोणते, किती आणि कोणी मारावे याचे नियम सरकारने केले आहेत. दुकानदाराच्या सल्ल्याने बाटली आणून मुलांच्या खेळण्याच्या जागेत ती ओतणे हे शहाणपणाचे नव्हे.

निसर्गाचाही एक उपाय आहे. मेक्सिकोत या झाडाची पाने खाऊन जगणारा एक लहान भुंगेरा आहे. त्याच्या फिकट पाठीवर काळपट नागमोडी पट्टे असतात. १९८३ साली तो बंगलोरला आणला गेला, तो दुसरी उपयोगी झाडे खातो काय याची परीक्षा झाली, आणि १९८४ पासून तो मोकळ्यावर सोडण्यात आला. मध्यंतरी तो सूर्यफुलाच्या पानांवर आढळल्याने मोठी खळबळ माजली होती. तपासाअंती पिकास त्याचे भय नसल्याचा निर्वाळा मिळाला. पावसाळ्यात तो अळीसकट झाडांची पाने फस्त करतो आणि थंडीत मातीत शिरून निजतो. आपल्याच प्रांतात जबलपूर येथे तणांच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था १९८९ साली स्थापन झाली. तिने या भुंगेऱ्यांचे वाटप केले आहे, आणि दरसाल १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवताविषयी जागृतीसाठी देशभर पाळला जातो. आपल्या आवारात असे पट्टेदार भुंगेरे दिसले तर त्यांस मारू नये. ते फुकटचे माळी आहेत. परंतु एकट्या भुंगेऱ्यावर विसंबूनही राहू नये. तो पाऊस चांगला लागल्यावर कामास येतो, आणि तोपर्यंत पहिल्या पिढीने बी टाकलेले असते.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

उपटल्यावर उघडी पडलेली माती हे पुन्हा आमंत्रण आहे. मातीत खोल दडपलेले बी उगवत नाही. पण ते मरतही नाही. कित्येक वर्षांनी पाया खणताना वर आले की उगवते. म्हणून एका साली उपटून गवत गेले, असे समजणाऱ्याची निराशा होते. तेथे दुसरे काही लावलेच पाहिजे. झेंडू लावावा, तो गाजर गवतास मागे रेटतो आणि दसऱ्यास तोरणाला येतो. कोपऱ्याच्या पडीक जागेत टाकळा, ज्यास येथील लोक पुवाड म्हणतात, त्याचे बी दिवाळीच्या सुमारास जमवून पावसापूर्वी फेकावे. तो दाट वाढून गाजर गवताच्या रोपांवर सावली धरतो, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. मैदान असेल तर दूर्वा लावून ती टिकवावी. बांधकामासाठी माती, मुरूम किंवा वाळू आणवाल तेव्हा ती कोठून येते ते पाहावे. ढिगावर पुढच्या पावसात काय उगवते त्यावर नजर ठेवावी. २०२८ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात माती इकडची तिकडे होणार. तिच्याबरोबर बीही हलणार, हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

शेजारधर्म

आता शेवटची अडचण, आणि खरी अडचण हीच. आमचे आवार आम्ही स्वच्छ ठेवले. पण शेजारच्या बंद जागेचे काय? तेथील बी वाऱ्यापावसाने येतच राहते. येथे भांडण उपयोगाचे नाही आणि मौनही उपयोगाचे नाही. जागेच्या धन्यास सौम्य शब्दांत पत्र लिहावे, सोबत फोटो पाठवावा, आणि उपटणीस किती खर्च येईल ते कळवून परवानगी मागावी. परगावी असलेल्या माणसास आपली जागा कशी दिसते याची बहुधा कल्पनाच नसते. निंदेपेक्षा माहिती मिळाली की तो बहुतेक वेळा होकार देतो. उत्तर न आल्यास वॉर्डाच्या कार्यालयात रहिवाशांच्या सह्यांनिशी अर्ज द्यावा. कर्नाटकाने १९७५ साली हे झाड कायद्याने उपद्रवी तण ठरवले. पण ते तेथूनही नाहीसे झालेले नाही, कारण कायदा झाड उपटत नाही, माणसे उपटतात.

म्हणून या महोत्सवी वर्षात संस्थेने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, संस्थेच्या कार्यालयात रबरी हातमोजे, फडकी, खुरपी आणि पोती यांचा एक संच ठेवावा. ज्या सभासदास किंवा त्याच्या मजुरास लागेल त्याने न्यावा आणि धुऊन परत करावा. दुसरी, दर पावसाळ्यात जुलैतील एक रविवार आपण सर्वांनी एकाच दिवशी आपापले आवार आणि त्यालगतची मोकळी जागा साफ करण्यासाठी राखावा. एकाने आज आणि दुसऱ्याने महिन्याने केले तर बी मध्ये फिरतच राहते. तिसरी, ज्या माळी व मजूर भगिनी-बंधूंनी आजवर आपल्या आवारांतून हे काम केले आहे, त्यांच्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडून वर्षातून एकदा तपासणी करवावी. संस्थेच्या औषध-साहाय्याचा एवढा उपयोग झाला तर देणाऱ्यांचे दान सत्कारणी लागेल. हे सारे खर्चाचे काम नाही. त्याला लागतो तो वेळेवर उठण्याचा निश्चय, आणि पाच-सहा वर्षे तो न सोडण्याची चिकाटी. कारण मातीतील बियांचा साठा तेवढ्याने आटत जातो, एका साली आटत नाही.

परंपरेने आपण अंगणात तुळस लावतो आणि तिला रोज पाणी घालतो. ती जोमाने वाढावी म्हणून तिच्याभोवतीची जागाही निगुतीने राखावी लागते. बाहेरून आलेले सारे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मिरची, बटाटा आणि झेंडूही त्याच अमेरिका खंडातून आले आणि आपल्या घरचे झाले. जे नांदते त्यास नांदू द्यावे; जे इतरांस नांदू देत नाही त्यास फुलण्यापूर्वी उपटावे, आणि उपटणाऱ्या हातांची काळजी घ्यावी.